दोन कायदे

मराठीत कामाची सुरुवात सांगायला तीन शब्द आहेत : श्रीगणेशा, ओनामा आणि बिस्मिल्ला. आमच्या शाळेजवळ एक जैन किराणा दुकानदार आहेत. जून महिन्यात शाळा उघडली की ते मला हमखास विचारतात, "काय बाई, नव्या वर्गाचा बिस्मिल्ला झाला का?" मी हो म्हणते आणि खडूचा डबा घेऊन पुढे जाते. हे तिन्ही शब्द मुळात लहान मुलाच्या पहिल्या अक्षराचे आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. पंतोजी धूळपाटीवर मुलाचे बोट धरून 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घेत, त्याचा झाला ओनामा. हे वचन जैन परंपरेतून आले असे अनेक अभ्यासक मानतात, आणि आमच्या कोल्हापुरात तरी ते पटायला जड जात नाही. मुसलमानाच्या घरी पहिला पाठ अल्लाहच्या नावाने सुरू होई, त्याचा झाला बिस्मिल्ला. मराठी माणसाने तिघांनाही एकाच पाटावर बसवले.

बिस्मिल्ला किंवा मकतबची ही रस्म हिंदुस्थानातील मुसलमान घराण्यांत शतकानुशतके होत आली. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला नवे कपडे घालून मौलवीसाहेबांसमोर बसवायचे. ते सूरह अलकच्या सुरुवातीच्या आयती म्हणून घेतात. कुराणाचा अवतीर्ण झालेला पहिला शब्दच 'वाच' असा आहे. मग बताशे किंवा पेढे वाटायचे. श्रीमंतांकडे चांदीची तख्ती असे, गरिबाकडे साधी पाटी. कोल्हापुरात आता ही रस्म फारशी राहिलेली नाही. काही घरांत मुलांना 'कायद्याला बसवायचे' एवढेच उरले आहे.

'कायदा' हा आमच्याकडचा शब्द मराठी वाचकाला थोडा गोंधळात टाकतो. आमच्या मोहल्ल्यात कायदा म्हणजे अरबी अक्षरांची अंकलिपी. बगदादी कायदा, नूरानी कायदा, यस्सर्नल कुरआन अशी त्यांची नावे. अलिफ, बे, ते. मग जबर, जेर, पेश. मग हिज्जे करत जोडाक्षर. अलीकडे काही मदरशांत पद्धत बदलली आहे, पण जुन्या पद्धतीत एका मुलाला या पंधरा-वीस पानांत दोन वर्षेही लागत. माझी लागली होती.

या रस्मेची इतिहासातली सर्वांत गमतीदार हकीकत अकबराची आहे. हुमायूनने काबूलमध्ये मुलाच्या मकतबसाठी ज्योतिषांकडून मुहूर्त काढला. तो १५४७ चा सुमार. ऐन मुहूर्ताला शहजादा खेळायला म्हणून जो निघून गेला, तो शोधूनही सापडला नाही. अबुल फजलने अकबरनाम्यात हे लिहून ठेवले आहे आणि त्यातूनही दैवी अर्थ काढला आहे. दरबारी माणूस, दुसरे काय करणार? पहिलीच्या वर्गावरच्या बाईला मात्र त्यात दैवी काही दिसत नाही. असे दोन-तीन शहजादे दरवर्षी माझ्या वर्गातूनही मुहूर्ताला पळतात.

अकबर पुढे वाचायला शिकलाच नाही असे म्हणतात, पण रोज पुस्तके वाचवून घेत असे. वाचणारा जिथे थांबेल तिथे पानांच्या हिशेबाची खूण स्वतः करी आणि पानांप्रमाणे त्याला पैसे देई. याच अकबराच्या कारकिर्दीत लिहिल्या गेलेल्या 'आईन-ए-अकबरी'त मुलांना शिकवण्याविषयी एक छोटे प्रकरण आहे. बी.एड.ला आम्हाला फ्रोबेल होता, मॉन्टेसरी होत्या, पण हे प्रकरण नव्हते. त्यात म्हटले आहे की, मुले वर्षानुवर्षे सुट्या अक्षरांवर अडकवून ठेवली जातात आणि त्यांचे आयुष्य वाया जाते. मुलाने अक्षराचा आकार आणि नाव दोन दिवसांत शिकावे, मग आठवडाभर जोडून लिहावे, आणि लगेच अर्थ असलेले गद्य-पद्य हाती घ्यावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने आपले आपण समजून घ्यावे, उस्तादाने थोडीच मदत करावी. दोन दिवसांचा हिशेब मला मान्य नाही. बादशहाच्या वर्गात बहुधा पटसंख्या कमी असावी. पण ज्या गोष्टीसाठी आपण आज कार्यशाळा भरवतो, ती सोळाव्या शतकाच्या शेवटी फारसीत लिहिलेली आहे.

अर्थात दिल्ली-आग्र्याचे दरबार आपल्यापासून लांब. आपला मुलूख विजापूरचा. पन्हाळगड आदिलशाहीत होता आणि आपल्या घरातली बोली दखनी. विजापूरच्या सूफींवर अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या गीतांची हकीकत येते. सूफींनी किंवा त्यांच्या शिष्यांनी ही गीते सोप्या दखनीत रचली आणि बायकांनी दळताना, सूत काढताना ती म्हटली. मुलांना झोपवताना म्हणायचे 'लोरीनामे'ही होते. एका चक्कीनाम्यात जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा आहे. खुंटा उभा, अलिफही उभा.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले. ज्या बाईला मदरशाचा उंबरा कधी चढायला मिळाला नाही, तिच्या हातात रोज पहाटे अलिफ होता, आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेल्या पोराच्या कानात तो जात होता. शेजारच्या मराठा घरात त्याच वेळी ओवी चालू असणार. दोन्हीकडे मूल अक्षर बघण्याआधी ते ऐकत होते. आज शिक्षणशास्त्र सांगते की, मूल वाचायला शिकते ते पाटी हातात आल्यावर नव्हे. त्याची तयारी तान्हेपणीच सुरू होते : आईच्या बोलण्यातून, यमकातून, एकाच गोष्टीच्या दहाव्यांदा केलेल्या मागणीतून. शब्दाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आवाज वेगळा ओळखता आला की पुढे अक्षराला तो आवाज चिकटवणे सोपे जाते. जात्यावरच्या बाईने हे शास्त्र म्हणून केले नाही. तिला पीठ हवे होते आणि पोर झोपायला हवे होते.

आता माझ्या नानीविषयी. नानी पहाटे फज्रची नमाज झाली की रेहलवर कुराण ठेवून खालच्या आवाजात वाचत असे. तिचे बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडे सरकत असे. मी तिला टेकून बसत असे. मला एक अक्षरही कळत नव्हते, पण पान कुठे उलटणार ते कळत होते. २००१ च्या जनगणनेला प्रगणक गुरुजी घरी आले तेव्हा मी शाळेत होते आणि माहिती सांगायचे काम मोठ्या हौसेने मी घेतले होते. नानीच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी विचारले, "आजींना लिहिता-वाचता येतं?" मी म्हटले, "वाचता येतं." "काय वाचतात?" "कुराण शरीफ." "लिहिता येतं?" "नाही." "अर्थ समजतो?" मी नानीकडे बघितले. ती हसली. गुरुजींनी 'निरक्षर' लिहिले. त्यांचे काही चुकले नाही. नियमच तसा आहे. समजून वाचता आणि लिहिता आले पाहिजे, नुसते वाचता येणारा साक्षर धरला जात नाही. इंग्रजांच्या १९११ च्या शिरगणतीपासून कसोटी होती, मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. १९९१ पासून सात वर्षांखालची सगळी मुलेही निरक्षरांत जमा होतात. म्हणजे त्या दिवशी पहाटे एका रेहलपाशी बसलेली म्हातारी आणि तिच्या शेजारी बसणारे लहान मूल, दोघेही सरकारी वहीत एकाच रकान्यात.

नानीला लिहिता का येत नव्हते, हेही सांगायला हवे, कारण त्याचा दोष इंग्रजांवर ढकलता येत नाही. मुलींना वाचायला शिकवावे पण लिहायला शिकवू नये, अशी चाल शरीफ म्हणवणाऱ्या घराण्यांत सर्रास होती. लिहायला आले तर ती परक्याला चिठ्ठ्या लिहील ही भीती. डेप्युटी नजीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचायला काही चांगले मिळेना म्हणून स्वतःच लिहायला घेतले आणि त्यातून १८६९ साली 'मिरात-उल-उरूस' ही उर्दूतली सुरुवातीची कादंबरी झाली. सरकारने तिला हजार रुपयांचे बक्षीस दिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर' लिहिले. मुलींसाठी लिहिलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग अक्षरओळख आणि पत्रलेखनापासून सुरू होतो. सुधारक म्हणून त्यांचे नाव कोणी घेणार नाही, पण मुलीच्या हातात लेखणी त्यांनीही दिली होती. हे पुस्तक आमच्याकडे लग्नात रुखवताबरोबर देतात आणि पहिला भाग सोडून बाकीचे वाचतात!

याच काळात कोल्हापुरात दुसरा कायदा आला. छत्रपती शाहू महाराजांचे राज्यारोहण १८९४ चे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि १५ नोव्हेंबर १९०६ रोजी महाराजांच्या पुढाकाराने मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग हे तिचेच फळ. इतर जातींच्या बोर्डिंगांना कोणी ना कोणी पुढारी मिळाला. मुसलमानांत पुढे यायला कोणी तयार नव्हते, म्हणून राजालाच अध्यक्ष व्हावे लागले, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. मला त्यात अभिमानापेक्षा शरम अधिक वाटते. कुराणाचा मराठी अनुवाद करून घेण्याचे कामही महाराजांनी हाती घेतले होते आणि त्यासाठी पैसा खर्च केला होता. १९२२ साली ते गेले आणि काम मागे पडले. नानीला अर्थ समजतो का, हा प्रश्न गुरुजींनी विचारण्याआधी ऐंशी वर्षे या गावच्या राजाला पडला होता.

सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा महाराजांनी १९१७ साली केला. बडोद्याला सयाजीरावांनी तो १९०६ मध्ये संस्थानभर लागू केला होता, तर गोखल्यांचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झाले होते. ब्रिटिश सरकारला जे परवडले नाही ते करवीर संस्थानाने केले. करवीर पेट्यातल्या चिखलीला ४ मार्च १९१८ रोजी या योजनेतली पहिली शाळा निघाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी मजुराला तो रुपया जड होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्यात आले. १९१७ हेच वर्ष मौलवी इस्माईल मेरठींच्या मृत्यूचे. उर्दूची सोपी क्रमिक पुस्तके लिहून त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या दोन-तीन पिढ्यांना वाचते केले. तेव्हा आमच्या मुलांपुढे एकाच वेळी दोन कायदे होते. सकाळी मशिदीत बगदादी कायदा आणि दहा वाजता महाराजांचा.

हे दोन कायदे एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्या मते आपल्या शिक्षणाची निम्मी रखडपट्टी इथेच आहे. आजही माझ्या पहिलीच्या वर्गातली बरीच मुले सकाळी मदरशात जाऊन येतात. त्यांना अरबीची अठ्ठावीस अक्षरे ओळखता येतात, ओळ कुठे सुरू होते ते कळते, बोट ठेवून वाचायची सवय असते. वाचनपूर्व तयारी म्हणून आम्ही जे तक्ते भरतो, त्यातले अर्धे रकाने आधीच भरलेले असतात. तरी सुरुवातीच्या चाचणीत यांना 'अक्षरओळख नाही' असा शेरा मिळतो. कारण उर्दूच्या पुस्तकातली अक्षरे नस्तालीक वळणाची, तिरकी. कायद्यातली नस्ख वळणाची, सरळ. शिवाय उर्दूत पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरे येतात, आणि कायद्यात ज्यांच्या आधाराने मूल वाचते ती जबर-जेर-पेश उर्दूत लिहीतच नाहीत. पोराचा आधारच काढून घेतल्यासारखे होते. मुलाला वाटते, ही वेगळीच गोष्ट आहे. गुरुजींना वाटते, याला काही येत नाही.

त्यात बोलीचा प्रश्न. मूल घरी "मेरेकू नक्को" म्हणते. पुस्तकात "मुझे नहीं चाहिए" असते. पहिल्या वर्षी मीही मुलांची दखनी सुधारत असे. एक मुलगी महिनाभर गप्पच बसली. मग मी सुधारणे सोडले आणि ती रोज घरातल्या कोंबडीची हकीकत सांगू लागली. ती हकीकत मी फळ्यावर जशीच्या तशी लिहिली. तिने वाचलेले ते पहिले वाक्य होते, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

शाळेच्या आधीच्या वर्षांकडे महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने लक्ष वेधले ते ताराबाई मोडकांनी. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली बोर्डीला गाव-बालशिक्षणाचे काम सुरू झाले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडची टेकडी या कामाचे ठिकाण झाले. मॉन्टेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून येणार? त्यांनी खडे, बिया, पाने-फुले, शिंपले घेतले. मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द मिळाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गायरानात भरायची ती कुरणशाळा. बी.एड.च्या तासाला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वहीत 'कुराणशाळा' असे लिहिले होते आणि सर किती उदार आहेत म्हणून भारावून गेले होते! शेजारच्या मैत्रिणीने वही बघितली आणि आम्ही दोघी वर्गाबाहेर गेलो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. खिचडी पोहोचली, लसीकरण पोहोचले. गोष्ट, गाणे, चित्राचे पुस्तक मात्र मागे राहिले. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाला तर तिथली भाषाही नवी असते. म्हणून दखनीतून मराठी, मराठीतून उर्दू आणि मधे अरबी अशी त्याची सहा वर्षांच्या आत चार भाषांची वारी होते. हे ओझे आहे असे सगळे म्हणतात. मला पूर्ण पटत नाही. चार भाषा ऐकणे ओझे नाही. प्रत्येक ठिकाणी मागच्या तीन विसर असे सांगितले जाते, ते ओझे आहे.

कोल्हापुरातच याचे उत्तर शोधणाऱ्या एक बाई होत्या. लीलाताई पाटील. ना. सी. फडक्यांच्या कन्या आणि शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य. निवृत्तीनंतर १९८५ साली त्यांनी सृजन आनंद विद्यालय काढले. मूल जे घेऊन येते तिथून सुरुवात करायची, शिक्षा नाही, चढाओढ नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी त्याच दशकात प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अ-आ-इ-ई क्रमाने सगळी बाराखडी संपेपर्यंत मुलाला शब्दाविना ताटकळत न ठेवता, थोडी अक्षरे आणि एखाद-दुसरी मात्रा शिकवून लगेच शब्द आणि वाक्य वाचायला द्यायचे, ही त्यांची रीत. 'आईन-ए-अकबरी'तले ते प्रकरण मी वाचले तेव्हा मला प्रथम फलटणच आठवले. लीलाताई २०२० साली गेल्या. त्यांची शाळा मराठी. उर्दूत अशी एक शाळा आपण उभी करू शकलो नाही. आपल्याकडे पैसा आला तो इमारतीच्या कमानीत गेला आणि चार वर्षांच्या पोराची मुलाखत घेणाऱ्या इंग्रजी नावाच्या शाळांत गेला. माझ्या भाचीला अशा एका ठिकाणी 'ॲपल' म्हणता आले नाही म्हणून परत पाठवले होते. सफरचंद तिने ओळखले होते. तिने 'सेब' म्हटले होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहा ते चौदा हेच वय धरले. २०२० च्या नव्या धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ पायाभूत टप्प्यात आणला आणि २०२१ मध्ये 'निपुण भारत' आले. शिरगणतीच्या रकान्याबाहेरचे मूल निदान धोरणाच्या कागदावर आले. आमच्याकडे त्याचे तक्ते आले आहेत. मी ते भरते.

मागच्या वर्षी माता-पालक सभेला मी सांगितले, आयांना वेळ नसेल तर दाद्या-नान्यांना पाठवा. अकरा जणी आल्या. बहुतेक नानीसारख्याच : कुराण वाचणाऱ्या, सही न येणाऱ्या. मी बालभारतीचे पहिलीचे उर्दू पुस्तक त्यांच्या हातात दिले आणि नातवाशेजारी बसून वाचा म्हटले. "हमना कां आता बाई," म्हणून सगळ्या हसल्या. मी म्हटले, हिज्जे करा, कायद्यासारखे. एका दादीने चष्मा चढवला आणि बोट ठेवले. अलिफ ओळखला, बे ओळखला, मीम ओळखला. मग बोट थांबले. बेसारखाच आकार, पण खाली नुक्ता नाही आणि डोक्यावर छोटासा तोय बसलेला. त्यांच्या कायद्यात हे अक्षर नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत शेजारच्या नातवाने त्यांचे बोट धरून त्या अक्षरावर नीट ठेवले आणि म्हणाला, "दादी, ये टे है."